भूपालच्या घरचा पत्ता

"सर, हॉलमध्ये जाऊ नका. आधी हे बघा."

मगदूम सर दारातच थांबले. अंगात नवा पांढरा शर्ट, घडीच्या रेघासुद्धा अजून मोडलेल्या नव्हत्या. दुपारचे सव्वातीन वाजले होते आणि चार वाजता त्यांचा निरोप समारंभ होता. मिरजेच्या त्या हॉस्पिटलात एकतीस वर्षं काढून ते आज निवृत्त होत होते.

"काय गं? तोंड का असं केलंयस?"

"फायलींमध्ये तुमचं नाव शोधत होते."

"मग? सापडलं का नाही?"

"त्रेसष्ट वेळा सापडलं."

सर आत आले, चष्मा लावला आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. पडद्यावर ओळीखाली ओळ, आणि प्रत्येक ओळीत 'भूपाल'. भूपाल मगदूम. सरांचं नाव आणि कॉम्प्युटरवरच्या त्यांच्या खात्याचंही नाव.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, सरांच्या हाताखाली कॉम्प्युटर सांभाळायचे आणि स्वतःला फार हुशार समजत होते. हॉस्पिटलात एकशे चाळीस कॉम्प्युटर होते. केसपेपरच्या खिडकीपासून औषधांच्या दुकानापर्यंत प्रत्येकाचा प्रिंटर वेगळा, परवानग्या वेगळ्या. एकेकाजवळ जाऊन ते सांभाळायचे म्हटलं तर माणूस जिन्यातच म्हातारा व्हायचा. म्हणून आमच्याकडे एक टूल होतं. कुठला कॉम्प्युटर कसा असायला हवा ते आपण फायलींमध्ये लिहून ठेवायचं. टूल सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा वाजता सगळीकडे फेरी मारायचं आणि जिथं फरक दिसेल तिथं दुरुस्त करायचं.

त्या फायली सरांच्या स्वतःच्या खात्यात होत्या. 'नवीन', 'नवीन खरं', 'नवीन खरं दोन', 'हात लावू नये' अशा नावांची फोल्डरं. मी सहा आठवडे खपून ती सगळी बाहेर सामायिक जागेत आणली होती. सगळ्यांना लागणारं एका फोल्डरमध्ये, ओपीडीचं एका, प्रयोगशाळेचं एका, औषध दुकानाचं एका. प्रत्येकात पुन्हा कामांची यादी वेगळी, फायली वेगळ्या. बघणाऱ्यानं बघत राहावं असं ते झालं होतं. मी ते चालवून बघितलं होतं, बिनतक्रार चाललं होतं, आणि त्याच दिवशी सकाळी मी प्रशासन अधिकारी वैशंपायन मॅडमना 'हस्तांतर पूर्ण, मगदूम सरांच्या खात्याची आता गरज नाही' असं लिहून, खाली झोकात सही करून दिलं होतं.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. फायलींच्या प्रती मी नव्या जागी आणल्या होत्या, मूळ फायली सरांच्याच खात्यात होत्या, आणि प्रतींच्या पोटात लिहिलेले पत्ते जुनेच राहिले होते. पत्ता दोन तऱ्हेनं सांगता येतो. 'मगदुमांच्या घरी, स्वयंपाकघरात, दुसऱ्या फडताळात' असा एक, आणि 'इथून हाताशी असलेल्या फडताळात' असा दुसरा. घर बदललं तरी दुसरा पत्ता चुकत नाही. सरांनी सगळीकडे पहिल्या तऱ्हेचा लिहिला होता. माझी देखणी नवी मांडणी प्रत्येक वेळी गुपचूप सरांच्या घरी जाऊन सामान आणत होती. म्हणूनच ती बिनतक्रार चालली होती.

"आणि तुमचं खातं आज पुसणार," मी म्हणाले.

"नारळ दिला की लगेच," सर म्हणाले. "मॅडम पुण्याच्या कंपनीला फोन करणार, ते खातं पुसणार. तसा नियमच हाय."

"मग सहाची फेरी?"

सरांनी चष्मा काढून पुसला. फेरीची वेळ पुण्याहून ठरलेली होती, ती आम्हाला थांबवता येत नव्हती. टूलला दोन सूचना दिलेल्या होत्या. मूळ फोल्डर सापडलं नाही तर रिकामं तयार कर, ही एक. मूळ फोल्डरमध्ये जे नाही ते सगळ्या कॉम्प्युटरांवरून पुसून टाक, ही दुसरी. वेगवेगळ्या वर्षी लिहिलेल्या, एकेकट्या शहाण्या. पण सरांचं खातं गेल्यावर मूळ फोल्डर रिकामं होणार आणि संध्याकाळच्या ऐन गर्दीत एकशे चाळीस कॉम्प्युटर धुऊन निघणार.

"मी मॅडमना सांगते. खातं उद्या पुसा म्हणते."

"का म्हणून सांगशील?"

मला चौगुल्यांचं प्रकरण आठवलं. आदल्याच वर्षी एक्स-रे विभागातले चौगुले निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी तिथलं मशीन बिघडलं. जाता जाता त्यांनीच काहीतरी करून ठेवलं अशी बोंब झाली. महिन्याभरानं कळलं की दोष विजेच्या दाबाचा होता. तोवर त्या माणसानं हॉस्पिटलासमोरच्या रस्त्यानं जाणं सोडलं होतं. त्याच्यानंतरच हा 'नारळ दिला की खातं बंद' नियम आला होता. सगळ्या हॉस्पिटलाच्या किल्ल्या मगदुमांनी स्वतःच्या घरात ठेवल्या, असं आज मॅडमना कळलं असतं, तर समारंभाच्या हॉलमध्येच चौकशी बसली असती.

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं. सरांनी सगळं स्वतःच्या घरात का ठेवावं? त्यात एक जुनी अढीही होती. टूलच्या प्रत्येक फेरीची नोंद व्हायची आणि तीत 'चालवणारा' असा रकाना असायचा. फेरी मी चालवली तरी तिथं नाव यायचं भूपाल. चार वर्षं मी राबले आणि एकाही नोंदीवर माझं नाव नाही. 'मेहनत माझी आणि नाव यांचं,' असं मी घरी आईजवळ कितीदा तरी पुटपुटले होते.

"किती वेळ लागंल?" सरांनी विचारलं.

"एकेचाळीस पत्ते एका झटक्यात बदलतील. उरलेले बावीस तुकडे जोडून लिहिलेत, ते एकेक करून हातानंच बदलावे लागतील. त्यातलं काय चालू आहे न् काय मेलेलं, ते तुम्हालाच ठाऊक."

"मी तर स्टेजवर बसणार."

"मी चिठ्ठ्या पाठवते. तुम्ही खाली उत्तर लिहून परत पाठवा."

सर हसले. "निरोपाच्या दिवशी कॉपी कराय लावतीस व्हय गं मला!"

"आणि नारळ लांबवायला हवा. पाच वाजून जायला हवेत."

"त्याची काळजी नको. हळिंगळे बोलणार हाईत."

औषध दुकानाचे प्रमुख हळिंगळेकाका एकदा बोलायला उभे राहिले की लोक घरी फोन करून 'जेवून घ्या' म्हणून सांगत. झेंडावंदनाला त्यांनी केलेल्या भाषणात दोन नर्सना चक्कर आली होती. ते जिन्यातच भेटले. मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "काका, आज मनसोक्त बोला. घड्याळ बघू नका."

काकांचा विश्वासच बसेना. "थट्टा करतीस काय?"

"सरांची शपथ."

हॉलमध्ये मी शेवटच्या रांगेत कोपऱ्यातली खुर्ची धरली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. स्टेजवर सर, वैशंपायन मॅडम आणि ट्रस्टचे एक वयस्कर विश्वस्त. टेबलावर शाल, हार आणि तो नारळ. स्टेजवर पाणी देण्याचं काम हौसामावशींकडे होतं. त्यांना मी चिठ्ठ्यांचं सांगितलं, तर त्यांनी कशासाठी असं विचारलंसुद्धा नाही. फक्त म्हणाल्या, "भांडण न्हाई न्हवं?"

पहिली चिठ्ठी पाण्याच्या पेल्याखालून गेली. 'प्रयोगशाळा, जुना प्रिंटर, चालू का?' सरांनी ती मांडीवर घेऊन वाचली, पेन काढलं. उत्तर आलं, 'मेला. काढून टाक.' दुसरी गेली, तिसरी गेली. तोवर सरांच्या खांद्यावर शाल आली होती आणि ते शालीआड लिहीत होते. माझ्या पुढच्या रांगेतल्या सिस्टर एकमेकींना म्हणाल्या, "बघ ना, किती भरून आलंय त्यांना. मान वर करवत नाहीय."

सव्वाचारला बावीसपैकी नऊ पत्ते झाले. हळिंगळेकाका उठले. मी निर्धास्त होऊन मान खाली घातली आणि कामाला लागले.

"मगदूम आणि मी," काका म्हणाले, "एकाच दिवशी नोकरीला लागलो."

मग काहीच ऐकू येईना. मी वर बघितलं. काका माईक धरून उभे होते आणि त्यांचे ओठ थरथरत होते. ते पुन्हा म्हणाले, "एकाच दिवशी..." आणि माईक तसाच ठेवून, डोळ्यांना रुमाल लावून खाली येऊन बसले. कुणाचंही मन हलावं असाच तो प्रसंग होता, पण मला मात्र त्या भल्या माणसाचा गळा धरावासा वाटला. उभ्या जन्मात हा माणूस आजच गप्प बसायचा होता!

आता मॅडम उठल्या. माझे नऊचे चौदा झाले होते.

मॅडम मोजूनमापून बोलणाऱ्या. "मगदूम यांच्याविषयी मी खोटं कौतुक करणार नाही," त्या म्हणाल्या. "चार वर्षांपूर्वी त्यांच्या हातून औषधांची लेबलं चुकीच्या वॉर्डात छापली गेली. पुढच्याच महिन्यात प्रयोगशाळेचे रिपोर्ट अर्धा दिवस अडकले. मग बाळंतिणींच्या वॉर्डातला घोळ. नोंदी आमच्याकडे आहेत, म्हणूनच विभागप्रमुखपद आम्ही त्यांना देऊ शकलो नाही. पण त्यांनी एकदाही सबब सांगितली नाही. चूक माझी, एवढंच म्हणाले. असा प्रामाणिकपणा दुर्मीळ असतो."

टाळ्या झाल्या. माझी बोटं तिथल्या तिथं थांबली. लेबलं मी चुकवली होती. नोकरीला लागून मला तीन आठवडे झाले होते आणि चुकीच्या फोल्डरातली फाईल मी सगळीकडे पाठवली होती. रिपोर्टही माझेच, बाळंतिणींच्या वॉर्डातला घोळही माझाच. मॅडमचा काहीतरी गोंधळ होतोय असं मला वाटलं आणि विचार करायला वेळ नव्हता म्हणून मी पुढं सरकले.

एकविसावा पत्ता झाला. बाविसावा पत्ता नव्हताच. ती होती नोंदवहीला दिलेली सूचना. फेरी कोणीही चालवो, नोंदीत नाव भूपालच लिही. मी त्या ओळीची तारीख बघितली. चार वर्षांपूर्वीची, जुलै महिन्यातली. लेबलांचा घोळ झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीची. आणखी मागं गेले तर दिसलं की त्या दिवसापर्यंत सगळ्या फायली सामायिक जागेतच होत्या. सरांनी त्या दिवशी सगळा संसार उचलून आपल्या घरात आणला होता.

मी चिठ्ठी लिहिली. 'चालवणाऱ्याचं नाव नेहमी भूपाल लिही, अशी सूचना आहे. ठेवू का काढू? आणि ती घातली कशाला?'

मावशी पेला घेऊन गेल्या. सरांनी चिठ्ठी वाचली, लिहायला लागले, थांबले, पुन्हा लिहिलं. पेला परत आला.

'आता काढ. तेव्हा तू नवीन होतीस.'

मी ती ओळ दोनदा वाचली. नवीन माणसाच्या नावावर पहिल्या सहा महिन्यांत दोन मोठ्या चुका लागल्या की त्याला घरी पाठवायचं, असा तिथला शिरस्ता होता. माझ्या तर तीन झाल्या होत्या, आणि पुढच्या चार वर्षांत आणखी किती ते मलाच ठाऊक. पहिली सरांनी तोंडी अंगावर घेतली होती, पुढच्या त्या ओळीनं; एकही माझ्या नावावर नव्हती. आणि मी आईजवळ पुटपुटत होते. मला इतकी लाज वाटली की लॅपटॉप मिटून रडत बसावंसं वाटलं. पण चार वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती.

मी ती ओळ काढली. रकाना मोकळा सोडता येत नव्हता. तिथं मी माझं नाव लिहिलं.

शितावरून भाताची परीक्षा करायची म्हणून आधी एकाच कॉम्प्युटरवर चालवलं. नीट चाललं. मग सरांच्या घराकडे जाणारी वाट पूर्ण बंद करून सगळ्यांवर फेरी सोडली. तिला वीस मिनिटं लागणार होती. मधेच सरांचं खातं गेलं आणि एखादा पत्ता नजरेतून सुटलेला असला, तर जुनं सामान पुन्हा मिळालंच नसतं.

"आता श्रीफळ," मॅडम म्हणाल्या.

सर उठले. मी हॉलच्या टोकावरून दोन्ही हातांनी 'नको' केलं.

"मॅडम," सर म्हणाले, "आधी दोन शब्द बोलू का?"

एकतीस वर्षांत हा माणूस माईकसमोर उभा राहिला नव्हता. विश्वस्तसुद्धा सरसावून बसले.

सर माईकपाशी आले आणि सरळ माझ्याकडे बघायला लागले. "मला काय बोलता येत न्हाई," ते म्हणाले. "सगळ्यांचे आभार मानतो, एकेकाचं नाव घेऊन. तळमजल्यापासनं सुरू करतो. केसपेपरची खिडकी. तिथल्या वंदनाताई, तीन नंबरच्या टेबलाच्या."

माझ्या पडद्यावर केसपेपरची खिडकी आली. एक, दोन, तीन. सगळं ठीक. मी मान हलवली.

"ओपीडी," सर म्हणाले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. टूल कुठल्या क्रमानं फिरतं ते सरांना पाठ होतं. मी मान हलवली की ते पुढच्या विभागात जात, आणि मी थांबले की तेही तिथंच घुटमळत. ओपीडीत एका कॉम्प्युटरला उशीर लागला, तर सरांनी तिथल्या शिपायाच्या मुलीच्या लग्नातलं जेवण वर्णन केलं. प्रयोगशाळा झाली. रक्तपेढी झाली. लोक आपलं नाव येईल म्हणून वाट बघत होते आणि आलं की लाजून हसत होते. बाळंतिणींच्या वॉर्डातल्या आयाबाई तर पदर तोंडाला लावून रडायलाच लागल्या. आजवर कुणी त्यांचं नाव माईकवरून घेतलं नव्हतं.

औषध दुकान शेवटी होतं. "आणि आमचे हळिंगळे," सर म्हणाले आणि थांबले. पडद्यावर एकशे छत्तीस, एकशे सदतीस. "ह्यांच्याबद्दल काय सांगू..." एकशे एकोणचाळीस. मी हात वर केला, थांबा म्हणून. सर थांबले. सगळ्यांना वाटलं, त्यांचाही गळा दाटून आला.

एकशे चाळीस. बिघाड शून्य.

माझा जीव भांड्यात पडला. मी दोन्ही हात वर केले आणि टाळ्या वाजवायला लागले. मग सगळा हॉल वाजवायला लागला. सरांनी नारळ घेतला, तो कपाळाला लावला, मॅडमनी फोन काढला, आणि पाच वाजून सात मिनिटांनी भूपाल नावाचं खातं पुसलं गेलं.

सर लगेच घरी गेले नाहीत. माझ्याबरोबर खोलीत आले आणि आपल्या जुन्या खुर्चीवर न बसता पाहुण्यांच्या स्टुलावर बसले. हौसामावशींनी दोन बश्यांत वडे आणून दिले. मला खूप काही म्हणायचं होतं. शेवटी एवढंच म्हणाले, "सर, मी तुमच्याबद्दल फार वाईट विचार केला. चार वर्षं केला."

"कळत होतं की," सर म्हणाले. "नोंद बघून तोंड वाकडं करायचीस."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर घाबरत घाबरत काम केलं असतंस. वडा खा, गार होईल."

सहा वाजले. फेरी सुरू झाली. आम्ही दोघं वडे हातात धरून पडद्याकडे बघत बसलो. सहा वाजून एकवीस मिनिटांनी ती संपली आणि सर खळखळून हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं. हातात बशी तशीच धरून मीही हसत सुटले.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. सर सवयीनं अर्धे उठले.

मी फोन घेतला. पलीकडे औषध दुकानातला कुणीतरी तणतणत होता. लेबलं आडवी यायची ती उभी छापली जात होती आणि समोर रांग लागली होती. "कुणी हात लावलाय ह्याला? कुणाचं काम हे?"

"माझं," मी म्हणाले. "हर्षदा कुंभोजकर. चूक माझी. दोन मिनिटांत आले."

मी फोन ठेवून वळले. सर पुन्हा स्टुलावर टेकले होते, पाय लांब सोडून, आणि दुसरा वडा उचलत होते.